चाचणी अहवाल, वनौषधी व खनिज पूरकांचे

चूर्णे, गोळ्या, वनस्पतींचे अर्क, भस्मे आणि शिलाजितासारखी खनिज पूरके यांचा नमुना तपासून प्रयोगशाळेने दिलेले लेखी निष्कर्षपत्र. व्यापारात ते ‘सीओए’ (सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस) या नावाने ओळखले जाते. एका बॅचचा अहवाल दुसऱ्या बॅचला लागू पडत नाही. उत्पादकाने स्वतः नमुना पाठवला असेल, तर निष्कर्ष हाती आलेल्या नमुन्यापुरतेच आहेत असे प्रयोगशाळा अहवालात नोंदवते. हे वाक्य बहुधा तळाशी बारीक टाइपात असते. वाचनाची सुरुवात मात्र तेथूनच करणे योग्य.

जड धातू : या विषयावरील बहुतेक लेखन शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम या चौघांभोवती फिरते. यांतील पहिल्या तिघांकडे लक्ष वेधले ते अमेरिकेतील दोन पाहण्यांनी. 2004 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 2008 मध्ये याच गटाने इंटरनेटवरून मागवलेली 193 उत्पादने तपासली आणि धातू असलेल्यांचे प्रमाण पुन्हा जवळपास तेवढेच, सुमारे 21 टक्के, निघाले. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या मालात या बाबतीत फारसा फरक नव्हता, ही गोष्ट भारतात फार कमी वेळा सांगितली जाते. धातू सापडलेल्या उत्पादनांपैकी 75 टक्के उत्पादनांच्या उत्पादकांनी उत्तम उत्पादन पद्धती (जीएमपी) पाळल्याचा दावा केला होता. बाटलीवरील ‘जीएमपी’ ही अक्षरे म्हणजे चाचणी अहवाल नव्हे, हे या आकड्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

पहिल्या पाहणीनंतर भारत सरकारने केवळ वनस्पतींपासून बनवलेल्या निर्यातीच्या औषधांसाठी जड धातूंची चाचणी 1 जानेवारी 2006 पासून सक्तीची केली. भारतीय मर्यादा अशा : शिसे 10 पीपीएम, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम.

मर्यादा आणि मात्रा : पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे इतके मायक्रोग्रॅम. हा आकडा औषधातील धातूच्या प्रमाणाविषयी बोलतो, रोज पोटात किती जाते याविषयी नाही. त्यामुळे अहवालातील आकड्याला दिवसभराच्या मात्रेने गुणावे लागते. शिसे बरोबर 10 पीपीएम असलेल्या अर्ध्या ग्रॅमच्या गोळीतून 5 मायक्रोग्रॅम शिसे जाईल, तर दिवसाला 6 ग्रॅम घेतल्या जाणाऱ्या चूर्णातून 60 मायक्रोग्रॅम. दोन्ही अहवालांवर ‘मर्यादेत’ असाच शेरा पडेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी आहारातील शिशाची संदर्भपातळी दिवसाला 8.8 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. कॅलिफोर्नियात दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे देणाऱ्या उत्पादनावर इशारा छापावा लागतो. रोज चमचाभर चूर्ण घेणाऱ्यासाठी भारतीय मर्यादा अपुरी आहे, असेच म्हणावे लागते. न्यूयॉर्क शहरात 2011-12 मध्ये आयुर्वेदिक औषधांशी जोडलेली शिशाच्या विषबाधेची सहा प्रकरणे नोंदली गेली आणि त्या सहाही स्त्रिया गरोदर होत्या.

‘आढळले नाही’ हा शेरा पद्धतीवर अवलंबून असतो. यंत्राला 1 पीपीएमच्या खालचे मोजताच येत नसेल, तर 0.3 पीपीएमची मर्यादा असलेल्या कॅडमियमबद्दल तो शेरा काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक धातूसमोर मोजणीची किमान पातळी दिलेली असावी. धातू मोजणारे आयसीपी-एमएस यंत्र पीपीएमच्या हजाराव्या भागापर्यंत सहज पोहोचते. पारा उडून जाणारा असल्याने नमुना बंद भांड्यात विरघळवावा लागतो. उघड्या भांड्यात तापवला तर आकडा खोटा कमी येतो.

रसौषधी : रससिंदूर, मकरध्वज, नागभस्म यांत पारा किंवा शिसे हा अपघाताने आलेला अंश नसून घटकच असतो, त्यामुळे वरील मर्यादा त्यांना लावल्या जात नाहीत. रेखापूर्णत्व, वारितरत्व, अपुनर्भव या ग्रंथोक्त कसोट्या भस्माची सूक्ष्मता आणि धातू मूळ रूपात परत येतो की नाही हे पाहतात. शरीरात तो किती शोषला जातो, हे त्यांतून कळत नाही. उलट, आधुनिक अहवालातील ‘एकूण पारा’ हा आकडा पाऱ्याचे कोणते संयुग आहे हे सांगत नाही, आणि पाऱ्याचे सल्फाइड इतर संयुगांपेक्षा कमी शोषले जाते. शोधन-मारणाने (धातूचे शुद्धीकरण व भस्मीकरण) विषारीपणा कितपत जातो, याबाबत वैद्य व विषशास्त्रज्ञ यांच्यात मतभेद आहेत. 2008 च्या पाहणीत मात्र भारतात बनलेल्या काही रसौषधींतून जाणारे शिसे किंवा पारा स्वीकारार्ह पातळीच्या 100 ते 10,000 पट भरत होता.

ओळख : धातूंचा अहवाल निर्दोष असूनही बाटलीत भलतीच वनस्पती असू शकते. ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पतीचे मूळ वापरले गेले आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्यांतील अनेकींची निकामी झाली. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीशी साम्य असलेली दुसरी जात वापरली गेली असावी, असेही मत पुढे आले. अहवालात वनस्पतीतील रसायनांचा एचपीटीएलसी पद्धतीने घेतलेला ठसा किंवा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी असल्यास अशा प्रश्नाला उत्तर मिळू शकते. आम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण जास्त असेल, तर माल माती-वाळूसह दळला गेला असे समजावे.

सूक्ष्मजीव : एकूण जिवाणू ग्रॅममागे एक लाखापर्यंत आणि बुरशी एक हजारापर्यंत चालते, ई. कोलाय व साल्मोनेला मुळीच चालत नाहीत. दमट गोदामातील मुळ्या व बिया यांसाठी ॲफ्लाटॉक्सिनची चाचणी आवश्यक.

कीटकनाशके : अवशेषांची चाचणी स्वतंत्रपणे मागवावी लागते.

अहवालाची पडताळणी : आयएसओ 17025 या प्रयोगशाळांच्या मानकानुसार एनएबीएल या भारतीय मान्यता संस्थेची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ठरावीक चाचण्यांपुरती मिळते. त्यामुळे तिचे बोधचिन्ह आणि अहवालाचा यूएलआर हा ओळख क्रमांक पाहून थांबू नये. धातूंची चाचणी त्या मान्यतेच्या कक्षेत आहे का, हेही एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासावे. अहवालावरील बॅच क्रमांक आणि हातातील डब्यावरचा क्रमांक एकच असला पाहिजे. मागूनही उत्पादक बॅच क्रमांकासह अहवाल देत नसेल, तर ते पूरक घेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तर ते देऊच नये.