मुंबईतले दहा राग आणि तीन जपानी यंत्रे

१/ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत एक तबकडी ध्वनिमुद्रित केली : ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग. साथीला मात्र ना तबला, ना तंबोरा.

२/ वाद्ये तीन, सर्व रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ वर रागविस्तार, टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर खर्जाची आवर्तने. ३०३ हे मुळात गिटारवादकांना बेसची साथ देण्यासाठी बनवलेले यंत्र. त्यातील ‘स्लाइड’ची सोय एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाते, मींडेशी तिचे नाते सहज जुळले.

३/ तबकडी फारशी खपली नाही. ३०३ चे उत्पादनही १९८४ मध्ये थांबले. पुढे याच यंत्रावर शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ घडवले. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ रूढ झाले.

४/ २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुनःप्रकाशित होताच अ‍ॅसिड हाउसचा उगम मुंबईत शोधला जाऊ लागला. परंतु आधी घडणे म्हणजे प्रभाव पाडणे नव्हे. शिकागोत ही तबकडी ऐकली गेल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांनी, दोन परंपरांतून, सारखा नाद काढला. सिंग यांच्या श्रेयाला शिकागोच्या साक्षीची गरज नाही.