कुठला कॅम्प?

उल्हासनगरात कुणालाही पत्ता विचारा, आधी उलट प्रश्न येतो, "कुठला कॅम्प?" एक ते पाच, असे पाच कॅम्प आहेत तिथे. आपल्याला वाटतं, निर्वासितांचे कॅम्प, म्हणून हे नाव. पण शब्द त्याच्याही आधीचा, लष्कराचा!

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभी राहिली. तिचं नाव कल्याण कॅम्प. युद्ध संपलं. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारने याच बराकींमध्ये जागा दिली. लांबच लांब बराकी, मधे आडोसे करून थाटलेले संसार.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीला नवं नाव मिळालं. जवळच्या उल्हास नदीवरून उल्हासनगर.

नाव मोठं छान, पण 'कॅम्प' काही सुटला नाही. सैनिकाचा कॅम्प म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. त्याला परतायला घर असतं. या मंडळींचं घर सीमेपलीकडे राहिलं, परतीची वाट बंद. त्यांनी इथेच दुकानं, कारखाने उभे केले, बराकींच्या जागी इमारती बांधल्या. तिसरी-चौथी पिढीही आपला कायमचा पत्ता मात्र अजून 'कॅम्प नंबर चार' असाच सांगते.