कौल आणि उलगडा : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार व मराठीतील नाट्य-रहस्य

केंद्र शासनाने १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली आणि समितीने १९५१ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ साली, उत्तम चित्रपटांना गौरविणारे ‘राज्य पुरस्कार’ दिल्लीत सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या मराठी चित्रपटाला लाभले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही घटना अभिमानाने नोंदवली जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्या नोंदीपुढे अभ्यासक सहसा जात नाहीत. मराठी चित्रपटाच्या मूल्यमापनाचे एक केंद्र या निर्णयाने मुंबई-पुण्याबाहेर, ज्या नगरीत मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा आहे अशा ठिकाणी, स्थापन झाले. तेथे बसलेल्या परीक्षकांनी मराठी चित्रपटात गुण म्हणून काय पाहिले, दोष म्हणून काय पाहिले आणि काय त्यांच्या नजरेतून सुटले, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो.

‘श्यामची आई’च्या यशाचे स्वरूप आरंभीच तपासले पाहिजे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाची रचना रात्रींच्या क्रमाने सांगितलेल्या आठवणींची आहे. तीत संविधानकाला फारसे स्थान नाही; प्रसंग येतो, त्यातून बोध निघतो, आणि पुढची रात्र उजाडते. अत्रे यांनी ही रचना बव्हंशी कायम ठेवली. वनमाला आणि माधव वझे यांच्या अभिनयामुळे, तसेच कोकणातील दारिद्र्याच्या व कर्जबाजारीपणाच्या चित्रणामुळे, चित्रपटाला ठोस भूमी मिळाली. तरी त्यात आई नेहमीच बरोबर असते. श्याम चुकतो, रडतो, शिकतो. आई मात्र बदलत नाही. तिच्या मनात काय चालले असेल याविषयी प्रेक्षकाला कुतूहल वाटावे अशी जागा चित्रपटात क्वचितच निर्माण होते. नाट्याला लागणारा संघर्ष येथे आहे, पण त्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. नवस्वतंत्र राष्ट्राच्या परीक्षकांना हे उत्तर भावले आणि सामाजिक-नैतिक आशयाला अग्रक्रम देणारा एक पायंडा पडला.

या पायंड्यापुढे रहस्यपटाचे काय झाले, हे पाहण्यासाठी १९६४ हे वर्ष सोयीचे आहे. त्या वर्षीच्या चित्रपटांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ला मिळाले, तर मराठीसाठीचे रौप्यपदक राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून घेतलेला ‘पाठलाग’ हा सरळसरळ रहस्यपट आहे. मृत म्हणून जिच्यावर अंत्यसंस्कार झाले ती पत्नी आणि गुन्हेगार म्हणून पकडली गेलेली, अगदी तिच्यासारखी दिसणारी स्त्री, यांतील खरी कोण, हा त्याचा प्रश्न. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला असा प्रश्न परका नव्हता. दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट केला आणि साधना, सुनील दत्त व मदन मोहन यांच्या नावांमुळे ती कथा देशभर पोहोचली. आज अनेकांना मूळ मराठी चित्रपटाची आठवणही नसते.

या कथेचे खरे बळ न्यायालयातील उलटतपासणीत आहे. पती स्वतः वकील. समोरच्या स्त्रीला तो जे प्रश्न विचारतो ते दोघांच्याच सहवासातले आहेत, आणि ती त्यांची उत्तरे देते. पुरावा म्हणून दाखल होते ते वैवाहिक आयुष्याचे अंतरंग. आणि एक वेळ अशी येते की उत्तरे बरोबर असूनही ती मान्य न करण्याचा हट्ट पतीच धरून बसलेला दिसतो. स्त्रीची ओळख तिच्या शब्दावर ठरावी की पुरुषाच्या कबुलीवर, हा गंभीर प्रश्न येथे रहस्याच्या आवरणाखाली उभा राहतो. दुर्दैवाने कथा तो पुरता पेलत नाही. अखेरीस जुळ्या बहिणीचा खुलासा होतो. प्रेक्षकाची उत्कंठा शमते, पण पतीच्या अविश्वासाचा हिशेब कोणीच मागत नाही. उलगडा झाला की माणसे सुटली, असे मानणे हा रहस्यपटाचा जुना दोष, आणि ‘पाठलाग’ त्यातून सुटलेला नाही. ‘चारुलता’त रहस्य असे काहीच नाही, पत्नीच्या मनात काय आहे हे पतीला कळत नाही, एवढेच. कळते तेव्हा मात्र चित्रपट त्याला त्या कळण्यातून सोडवत नाही. दोन्ही चित्रपटांत पतीची दृष्टी हाच विषय असताना एकाला सुवर्ण व दुसऱ्याला रौप्य मिळावे, यात भाषिक राजकारण शोधण्याचे कारण नाही. निर्णय रास्त होता.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. दिल्लीच्या परीक्षकांना रहस्यपटाचे वावडे होते, असे वस्तुस्थिती पाहता म्हणता येत नाही. पंधराव्या पुरस्कारांत उत्तम दिग्दर्शनासाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथमच ठेवण्यात आले आणि ते राय यांना मिळाले ‘चिडियाखाना’ (१९६७) या, शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीच्या कथेवरील, रहस्यपटासाठी! खुद्द राय यांना तो आपल्या चांगल्या चित्रपटांपैकी वाटत नसे. त्याची अखेर गुप्तहेराच्या लांबलचक शाब्दिक स्पष्टीकरणात जाते. कादंबरीत हे खपते, पडद्यावर ते बैठकीसारखे वाटते. पुढे ‘सोनार केल्ला’त (१९७४) त्यांनी ही अडचण मुळातच काढून टाकली. दुष्ट कोण हे प्रेक्षकाला लवकर कळते, फेलुदाला उशिरा. त्यामुळे औत्सुक्य ‘कोणी केले’ यावरून ‘आता काय होईल’ याकडे वळते. बाविसाव्या पुरस्कारांत या चित्रपटाला दिग्दर्शन व पटकथा या दोन्ही विभागांत गौरविण्यात आले. बंगाली रहस्यपटाची रचना दिल्लीने वाचली, आणि ती वाचण्यास लागणारी प्रतिष्ठा राय यांच्या नावातून आली. मराठीत रहस्यपटापाशी असे नाव नव्हते. राजा परांजपे हे कुशल दिग्दर्शक. पण त्यांच्या कौशल्याची चर्चा मराठी समीक्षेनेच गंभीरपणे केली नव्हती, तर ती दिल्लीत कशी पोहोचावी? मराठी समीक्षेला चित्रपटाविषयी बोलताना रंगभूमीची परिभाषा अधिक जवळची वाटत आली आहे. अरुण खोपकर यांच्या ज्या ग्रंथाला तेहेतिसाव्या पुरस्कारांत चित्रपटविषयक उत्तम पुस्तकाचा मान मिळाला, त्याच्या शीर्षकातही गुरुदत्त ‘तीन अंकी शोकांतिका’ म्हणून येतो. ग्रंथ चित्रभाषेचे विवेचन फार बारकाईने करतो, ही गोष्ट वेगळी.

राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील उत्तम चित्रपट म्हणून जब्बार पटेल यांचा ‘सामना’ निवडला गेला. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकर यांची पटकथा, निळू फुले आणि श्रीराम लागू यांचा अभिनय. १९७५ च्या बर्लिन महोत्सवातही तो दाखल झाला होता. ‘सामना’ची ख्याती राजकीय नाट्य म्हणून आहे. सहकारी साखर कारखानदारीतून उभी राहिलेली ग्रामीण सत्ता आणि तिच्यासमोर उभा ठाकलेला एक मोडलेला, दारूच्या आहारी गेलेला गांधीवादी मास्तर, असे त्याचे वर्णन सर्वत्र आढळते. परंतु त्याची बांधणी शुद्ध रहस्यकथेची आहे, हे फारसे लक्षात घेतले गेलेले नाही. परका माणूस गावात येतो. एक नाव कानावर पडते, मारुती कांबळे. त्याचे काय झाले हा प्रश्न तो दिसेल त्याला विचारत सुटतो. कोणी टाळतो, कोणी घाबरतो. प्रत्येक टाळाटाळ हा एक धागा ठरतो. गुप्तहेराला लागणारा अलिप्तपणा मास्तरापाशी नाही आणि अधिकारही नाही. त्याच्यापाशी आहे तो केवळ प्रश्न. ज्याच्या विरोधात हा प्रश्न आहे त्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या आश्रयालाच तो राहिलेला असतो. तेंडुलकरांनी येथे रहस्यकथेच्या रूढ व्यवस्थेत एक मूलगामी बदल केला. गुन्हेगार कोण याविषयी प्रेक्षकाला फारशी शंका उरत नाही. गाव गप्प का, हेच रहस्य होते. ‘सोनार केल्ला’त राय यांनी रचनेच्या सोयीसाठी जे केले, ते ‘सामना’त समाजचिकित्सेचे साधन झाले. राष्ट्रीय पुरस्कारांच्या याद्यांत हे दोन्ही प्रयोग असूनही त्यांची तुलना झाली नाही, कारण एकाला रहस्यपट व दुसऱ्याला सामाजिक नाट्य असे आधीच म्हटले गेले होते.

‘सामना’चे दोषही याच दृष्टीने पाहिले की स्पष्ट होतात. दोन थोर नटांच्या जुगलबंदीने उत्तरार्ध व्यापला जातो आणि गावाच्या मौनाचा प्रश्न दोन व्यक्तींच्या परस्पर आदर-वैराचा होऊन बसतो. निळू फुले यांचा हिंदुराव इतका जिवंत आहे की त्याच्याविषयी सहानुभूती वाटू लागते. ज्याच्यासाठी सारा शोध चालला तो मारुती कांबळे मात्र मुख्यतः इतरांच्या सांगण्यातून कळतो. त्याचा आवाज चित्रपटाला सापडलेला नाही.

त्यानंतर ‘श्वास’पर्यंत सुवर्णकमळाने मराठीला हुलकावणीच दिली. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला एक्कावन्नाव्या पुरस्कारांत, २००४ साली, ते मिळाले. ‘श्यामची आई’नंतर बरोबर पन्नास वर्षांनी. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार हे आजोबांना कळते आणि ते मुलाला सांगायचे कसे, हा त्याचा पेच. कोणाला किती ठाऊक आहे यावर सारा ताण उभा आहे, आणि ही युक्ती रहस्यपटाचीच. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा मुलाला घेऊन बाहेर पडतात तेव्हा रुग्णालयात उडणारा गोंधळ मात्र अनावश्यक वाटतो. आत जे घडते आहे त्याला बाहेरच्या धावपळीची गरज नव्हती.

‘सामना’ने अर्धवट सोडलेला प्रश्न चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये. २०१४ साली व्हेनिस महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट बासष्टाव्या पुरस्कारांत सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. मुंबईत गटारात उतरलेल्या एका सफाई कामगाराचा मृत्यू होतो. त्याने आत्महत्या केली आणि तीस लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गीत कारण झाले, असा आरोप ठेवला जातो. म्हणजे पुन्हा एक मृत्यू, पुन्हा त्याचे कारण शोधणारी चौकशी, आणि पुन्हा कांबळे हे आडनाव. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ते ऐकताच त्या माणसाच्या सामाजिक स्थानाचा बहुधा अंदाज येतो. इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबलेल्या परीक्षकाला ते केवळ एक नाव आहे. मारुती कांबळेपासून नारायण कांबळेपर्यंतचा प्रवास दिल्लीच्या कौलात दिसत नाही, याचे हे एक साधे कारण.

‘कोर्ट’मध्ये रहस्यपटाला शोभेल असा एक पुरावा आहे. मृताची पत्नी साक्षीत सांगते की गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आले तर आत प्राणवायू आहे असे समजत असे. संरक्षणाची साधने नसतात आणि दुर्गंधी सोसवावी म्हणून तो दारू पिऊन उतरे. एखाद्या गुप्तहेरकथेत या एका वाक्याने खटला उलटला असता. येथे न्यायाधीश ते इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात आणि कामकाज पुढे सरकते. बचाव पक्षाच्या गुजराती वकिलाला मराठी सहज येत नाही, सरकारी वकील कालबाह्य कायद्यांची इंग्रजी कलमे धडाधडा वाचतात, न्यायासनाची नोंद तिसऱ्याच सुरात होते. साक्षीचा जो अंश नोंदीत उतरत नाही तो जणू घडलाच नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यात भाषांतराचा प्रश्न दिसेल. पण या खोलीत भाषांतरावर माणसाची सुटका अवलंबून आहे. गीतांजली कुलकर्णी आणि विवेक गोम्बर यांच्या भूमिकांतून ही दरी कसलाही आवेश न आणता उघडी पडते, आणि मृणाल देसाई यांचा स्थिर कॅमेरा कोणत्या चेहऱ्याकडे पाहावे हे प्रेक्षकाला सांगत नाही.

या संयमाची किंमतही आहे. चित्रपट वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या सुटीत सामील होतो. वीरा साथीदार यांनी उभा केलेला शाहीर मात्र मंचावर किंवा पिंजऱ्यातच अधिक भेटतो. साक्ष संपल्यावर मृताची पत्नी वकिलाच्या मोटारीतून परत जाते, पैसे देऊ करताच काम असेल तर सांगा म्हणते, आणि कथेतून निघून जाते. ‘सामना’ला जो आवाज सापडला नव्हता तो येथे ऐकू येतो, पण त्याचे घर दिसत नाही.

पुरस्कारांची व्यवस्था या काळात अनेकदा बदलली. १९७३ साली स्थापन झालेले चित्रपट महोत्सव संचालनालय सिरी फोर्ट येथून ती सांभाळत असे. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. २०२५ साली जाहीर झालेल्या एकाहत्तराव्या पुरस्कारांत उत्तम मराठी चित्रपटाचा मान सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’कडे गेला. सत्तर वर्षांनंतर तेच शीर्षक पुन्हा यादीत यावे, यावरून आशयाला अग्रक्रम देणाऱ्या दृष्टीचा चिवटपणा कळतो. या दोन टोकांच्या मध्ये ‘कोर्ट’चा शेवट आहे. रहस्यपटात ज्या जागी सर्वांना एकत्र बसवून उलगडा केला जातो, त्या जागी उन्हाळी सुटीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताना दिसतात. मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थप्पड लगावतात आणि पुन्हा डोळे मिटतात. शाहीर तुरुंगातच आहे.