आटा, रूळ आणि संगणक : जुळणीच्या माहितीची कथा



आजच्या विषयाचे नाव वाचून काही स्नेह्यांनी मला विचारले की, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणाऱ्या माणसाने संगणकाच्या कागदपत्रांत लक्ष घालण्याचे कारण काय? कारण असे की, कोणते यंत्र कशाशी जुळते ही माहिती कोणाच्या हाती असते, आणि ती गरजवंताला पैसे खर्चण्याच्या आधी मिळते की नंतर, हा प्रश्न संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. तो मूळचा कारखान्यातला प्रश्न आहे. आणि त्याची किंमत बहुधा हातावर पोट असणाऱ्यानेच मोजलेली आहे. मी काही पंडित नव्हे. लेथवर उभे राहून आणि रात्री वाचनालयात बसून जे समजले, तेवढेच आपणांपुढे मांडतो.

आपल्या शिवाजी उद्यमनगरात कोणत्याही सकाळी जाऊन पाहा. पंपाचा किंवा ऑइल इंजिनाचा मोडका भाग फडक्यात गुंडाळून शेतकरी दुकानाच्या पायरीशी आलेला असतो. तो नाव सांगत नाही की नंबर सांगत नाही. मोडका भाग पुढे करतो आणि म्हणतो, ‘असला द्या.’ मिस्त्री तो हातात फिरवतो, आट्यांवरून नख ओढतो आणि योग्य तो भाग काढून देतो. हे ज्ञान खरे आहे, त्याला मान दिला पाहिजे. परंतु ते मिस्त्रीच्या बोटांत आहे, भिंतीवर नाही. मिस्त्री गावाला गेला की शेतकऱ्याची फेरी फुकट जाते आणि पाण्याची पाळी चुकते.

हे ज्ञान बोटांतून काढून कागदावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडात झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसेल याचा भरवसा नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी तेथील इंजिनियरांच्या संस्थेपुढे निबंध वाचला आणि आट्याचा कोन 55 अंशांचा ठेवून प्रत्येक जाडीला इंचात किती आटे असावेत याचे कोष्टक मांडले. त्या कोष्टकाने एक गोष्ट साधली, ती अशी की फिटरला दुसऱ्या कारखान्याच्या मालकाची ओळख असण्याची गरज उरली नाही. कोष्टक पाहिले की काम भागले.

पुढे 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा आटा सुचविला आणि दोन देशांचे दोन आटे झाले. यातील गंमत पाहण्यासारखी आहे. पाव इंचाला दोघांचेही 20 आटे, तीन अष्टमांशाला दोघांचेही 16. परंतु अर्ध्या इंचाला इंग्रजी बोल्टाला 12 आणि अमेरिकन बोल्टाला 13. नट एक-दोन फेरे बिनतक्रार चढतो आणि मग अडतो. अडाणी हाताने पाना लावून जोर केला की दोन्ही आटे खराब. अजिबात न जुळणारी वस्तू निदान लगेच परत देता येते. जवळजवळ जुळणारी वस्तू माणसाला जास्त फसवते. दुसऱ्या महायुद्धात एका बाजूने लढणाऱ्या या देशांना हा फरक चांगलाच जाचला, आणि 18 नोव्हेंबर 1948 रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एका आट्यावर सही केली.

आपल्या देशात 1947 साली भारतीय मानक संस्था निघाली, 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने व्यवहारात येऊ लागली. कायदा एका दिवशी लागू होतो. जुनी यंत्रे मात्र एका दिवशी बदलत नाहीत. म्हणून सूत आणि मिलिमीटर ह्या दोन्ही भाषा आपल्या कामगाराला शिकाव्या लागल्या.

रुळांचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. मुंबईहून 1853 साली निघालेली पहिली आगगाडी रुंद मापाच्या, म्हणजे साडेपाच फुटी रुळांवर धावली. आपली कोल्हापूर-मिरज गाडी 1891 साली सुरू झाली ती मीटर मापावर. 1971 साली रुंद रूळ येईपर्यंत कोल्हापुराहून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या मालाची वाट पुण्यास अडत असे. तेथे एका डब्यातून माल काढायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. मिरजेस 1927 पासून अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेही येऊन मिळाली होती; 1971 नंतर तर काही वर्षे मिरजेत तिन्ही मापांचे रूळ नांदत होते. इंजिनियरांच्या नकाशावर तो केवळ मापांतला फरक होता. हमालाच्या पाठीवर ते पोते होते. यंत्रे जुळली नाहीत म्हणजे मधली तूट कोणीतरी अंगमेहनतीने भरून काढतो, हे मी तेथून शिकलो.

तथापि रेल्वेची एक गोष्ट चांगली होती. रुळाचे माप डोळ्यांना दिसते. मीटर मापाचा डबा रुंद रुळावर चढवून पाहू, असे कोणी म्हणत नाही. संगणकाचे तसे नाही. तेथे खाच जुळते, तार बसते, दिवाही लागतो. आणि काम मात्र होत नाही. कारण यंत्र आणि प्रणाली यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाष्या लागतो. तो नसेल तर शेजारी बसवलेली दोन माणसे एकमेकांशी बोलू शकत नाहीत, तशी गत होते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही अशाच एका न जुळणाऱ्या यंत्रापाशी सांगितली जाते. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एक नवा छपाईयंत्र आला. त्यात कागद अडकला की दूरच्या खोलीत बसलेल्या माणसास कळावे, एवढी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रणालीत घालायची होती. परंतु त्या प्रणालीचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. सप्टेंबर 1983 मध्ये त्यांनी जी.एन.यू. प्रकल्प जाहीर केला, तो कोणालाही वाचता येईल व सुधारता येईल अशी प्रणाली बांधण्यासाठी. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. हीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्ध झाली. त्या छोट्याशा निवेदनातच त्यांनी सांगून टाकले होते की, ही 386 जातीच्या संगणकावर चालते आणि आपल्याजवळ असलेल्या प्रकारच्या हार्डडिस्कशिवाय दुसरी बहुधा तिला कधी चालणार नाही. ते भाकीत पुढे साफ खोटे ठरले, ही आनंदाची गोष्ट. परंतु काय चालते आणि काय चालत नाही, हे पहिल्याच दिवशी पहिल्याच पत्रात लिहिले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे प्रणाली वाढली, यंत्रे हजारोंनी वाढली आणि दारावरची ही पाटी हळूहळू आत आत गेली. चांगली कामे झाली नाहीत असे नव्हे. छपाईयंत्रांची एक यादी स्वयंसेवकांनी केली आणि तीत चार प्रती पाडल्या : पूर्ण चालते, बरेचसे चालते, थोडे चालते, आणि चौथी प्रत म्हणजे कागदावर ठेवण्याचे वजन. ह्या चौथ्या प्रतीत विनोद आहे, पण प्रामाणिकपणाही आहे. ‘हे घेऊ नका’ असे सांगणारी यादी ही ‘हे घ्या’ म्हणणाऱ्या यादीइतकीच उपयोगाची असते.

उलट बाजूचे उदाहरण डेबियनचे. 1993 पासून चालत आलेली ही एक थोर सामुदायिक प्रणाली. अनेक वायरलेस यंत्रांना फर्मवेअर म्हणून एक लहानशी फाइल लागते. ती बहुधा मुक्त नसते, म्हणून तत्त्वाला धरून डेबियनने ती आपल्या अधिकृत प्रतीत ठेवली नव्हती. ज्यांना ती हवी त्यांच्यासाठी निराळी प्रत होती. पण ती नव्या माणसाला सहज सापडत नसे. म्हणजे उत्तर घरात होते आणि पाहुणा दारातून परत जात होता. 2022 साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे बदलले, आणि जून 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून ती फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागली. तत्त्वाविषयी दोन मते असू शकतात. परंतु प्रश्न उघडपणे मतास टाकला गेला, हे संघटनेच्या माणसाला आवडल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न आज आपल्या गावात का आला, तेही सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या विनामूल्य दुरुस्त्या बंद झाल्या. नव्या विंडोज 11 ला टी.पी.एम. 2.0 नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले अनेक संगणक एकाएकी म्हातारे ठरले. शाळा, वाचनालये, पतपेढ्या, लहान कारखाने आणि आमच्यासारख्या युनियनच्या कचेऱ्या यांना दोनच वाटा उरल्या : नवे यंत्र घेणे, किंवा जुन्यावर लिनक्स घालणे.

आमच्या कचेरीत चार जुने संगणक आहेत. एका टर्नरच्या मुलाने त्यांवर लिनक्स घातले. तिहींचे काम उत्तम चालले. चौथ्यासाठी बाजारातून एक वायरलेस यंत्र आणले, ते काही केल्या चालेना. मुलगा दोन रात्री शोधत बसला. तेव्हा कळले ते असे : त्या नावाच्या यंत्राच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पहिलीतली चिप लिनक्सला ठाऊक होती, पुढच्या दोहोंत कंपनीने चिप बदलली होती. खोक्यावरचे नाव तेच, चित्र तेच. आवृत्तीचा आकडा यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत. माहिती कोणीतरी लिहूनही ठेवली होती, पण पाचव्या-सहाव्या पानावर, इंग्रजीत, आणि ती सापडली पैसे दिल्यानंतर. अर्ध्या इंचाचा बारा आणि तेरा आट्यांचा घोटाळा आम्हांला पुन्हा भेटला.

येथे मला 1948 चा कारखाना कायदा आठवतो. आता कामगार कायद्यांची संहितांमध्ये पुनर्रचना झाली आहे. पण त्या कायद्यातील 108 वे कलम कार्यकर्त्यांच्या पाठ असे. कारखान्यातील नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. त्या मुख्य दरवाजापाशी, सहज दिसतील अशा सोयीच्या जागी लावाव्यात. आणि त्या स्वच्छ व वाचता येतील अशा स्थितीत राखाव्यात. नियम केला एवढ्याने भागत नाही. तो कोठे टांगला आहे हाही न्यायाचाच भाग आहे, हे त्या कलमाने मानले होते. मॅनेजरच्या कपाटातली नोटीस ही नोटीस नव्हे, हे सांगण्यासाठी आम्ही कितीतरी गेटमीटिंगा घेतल्या आहेत.

तोच दंडक मी संगणकाच्या कागदपत्रांना लावतो. पहिली गोष्ट, जागा : प्रणाली उतरवून घेण्याची कळ जेथे आहे, तेथेच ‘आपले यंत्र चालेल काय?’ ही पाटी असावी. दुसरी गोष्ट, खूण : केवळ बाजारातले नाव देऊन भागत नाही. प्रत्येक यू.एस.बी. यंत्राच्या पोटात उत्पादकाचा एक आणि वस्तूचा एक असे दोन चार-चार अक्षरी क्रमांक असतात. नाव फसवील, पण चिप बदलल्याचे हा क्रमांक बहुधा सांगतो. यादीत तो असावा आणि तो कसा पाहावा हेही शेजारी लिहावे. तिसरी गोष्ट, तारीख : कोणत्या आवृत्तीवर आणि केव्हा पाहिले हे नसेल, तर ती नोटीस फाटकी समजावी. चौथी गोष्ट, भाषा : निदान ही एक पाटी तरी मराठीत असावी.

यावर कोणी म्हणेल, ही माणसे बहुतांशी फुकट राबतात. हजारो यंत्रांच्या याद्या त्यांनी कोठून राखाव्या? आक्षेप रास्त आहे. फुकट राबणाऱ्याला बोल लावणे हा आमचा धर्म नव्हे. शिवाय दोष पुष्कळदा कंपन्यांचा असतो. 2007 साली लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी, यंत्राची तांत्रिक माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देतो, असे कंपन्यांना जाहीरपणे सांगितले होते. तरीही माहिती दडवणारे दडवतच राहिले. परंतु यादी राखण्याचा एक शहाणा मार्ग फ्रीबीएसडी या प्रणालीने दाखवला आहे. तेथे प्रत्येक ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातच तो कोणती यंत्रे चालवतो ते लिहिलेले असते, आणि त्या पत्रकांवरून प्रत्येक आवृत्तीची एकत्र यादी आपोआप तयार होते. म्हणजे जो काम करतो तोच कामाशेजारी नोंद करतो, आणि फलक त्या नोंदीवरून भरतो. चांगल्या स्टोअरचे खाते असेच चालते.

उरलेले काम आपले आहे. त्यासाठी प्रोग्रॅमर असावे लागत नाही. ज्याने ज्याने जुन्या संगणकावर लिनक्स घातले, त्याने यंत्राचे नाव, आवृत्ती, क्रमांक, प्रणाली, तारीख, आणि चालले की नाही, एवढी एक ओळ लिहावी. न चाललेल्याची ओळ तर अवश्य लिहावी. अशी एक वही प्रत्येक वाचनालयाच्या आणि युनियन कचेरीच्या टेबलावर ठेवता येईल, आणि त्यातील नोंदी ती प्रणाली बांधणाऱ्यांकडे पाठवता येतील. आमच्या कचेरीने हे काम सुरू केले आहे. वहीतली पहिली ओळ त्या चौथ्या संगणकाची आहे, आणि ती मराठीत आहे.