धाकट्यांचं उड्डाण

बुधवार, २२ जून २०१६. बंगळुरूत जयनगर चौथ्या ब्लॉकजवळ मेट्रोचे खांब उभे आहेत, गाडी अजून धावत नाही. पुण्याच्या सीओईपीतून शिकून तुम्ही इथे नोकरीला आलात. खोलीत दूरदर्शन लागलंय. इडलीचं पार्सल तसंच बांधलेलं.

९ वाजून २६ मिनिटं. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेट उठतं. मुख्य प्रवासी ७२७.५ किलोचा कार्टोसॅट उपग्रह. सोबतच्या १९ जणांत तुमच्या कॉलेजचा 'स्वयम्', जेमतेम १ किलोचा. कुठल्या कक्षेत जायचं, हे थोरल्याच्या कामावरून ठरलेलं. धाकट्यानं मिळेल त्या जागेत बसायचं. शिवाय आपल्यापासून थोरल्याला काही इजा होणार नाही, हे कंपन चाचणीपासून सगळं पार पाडून आधी सिद्ध करायचं.

आता २००८मध्ये चला. कॉलेजात प्रकल्प नुकता सुरू होतोय. वर गेल्यावर उपग्रह गिरक्या घेत राहील, मग अँटेनाची दिशा कशी सांभाळायची? एवढ्याशा सौरपट्ट्यांतून वीज मिळणार ती किती! पुढे उत्तर सापडतं ते देखणं आहे: त्यासाठी वीज खर्चायचीच नाही. आत कायमचे चुंबक बसवायचे. होकायंत्राच्या सुईसारखा अख्खा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहील. झोके शमवायला खास मिश्रधातूच्या बारीक कांड्या. तुम्ही पास होता, कामाच्या नोंदी पुढच्या मुलांकडे जातात. त्यांच्याकडून आणखी पुढच्यांकडे. मला या प्रकल्पातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. सुरुवात करणाऱ्यांनी उड्डाण आपल्या हातून होण्याची वाट पाहिली नाही.

परत जयनगर. सतराव्या मिनिटाच्या सुमारास कार्टोसॅट सुटतो आणि पुढच्या दहाएक मिनिटांत बाकीचे सगळे. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायला 'स्वयम्' मोकळा झाला. तुम्ही पुण्याला फोन लावता, लाइन व्यस्त.

तीन महिने पुढे, २६ सप्टेंबर. पीएसएलव्ही-सी३५वर जयनगरच्या शेजारच्या, बनशंकरीतल्या पीईएस विद्यापीठाचा 'पायसॅट' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' आहे. मुख्य प्रवासी स्कॅटसॅट-१ आपल्या कक्षेत उतरतो, पण फेरी तिथे संपत नाही. चौथ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा दोनदा पेटतं. उड्डाणानंतर सव्वादोन तासांनी, दुसऱ्याच कक्षेत, धाकटे सुटतात.