खाक्या, कबुली आणि साक्षीदार

गेल्या वेळी आपण ‘पुरावा म्हणजे काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ या.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करू. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य आपण शेकडो वेळा वाचलं आहे आणि वाचून चहाचा पुढचा घोट घेतला आहे. खाक्या, हिसका, चौदावं रत्न, बोलतं करणं. मारहाणीला इतकी लाडकी नावं आपल्या भाषेत आहेत! पण त्या बातमीकडे कायद्याच्या नजरेनं बघा. त्यात दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली, एका सरकारी नोकरानं गुन्हा केला. दुसरी, न्यायालयात जिला कबुली म्हणून किंमत नाही अशी एक कबुली मिळाली. आणि ही बातमी आपण पोलिसांचं यश म्हणून वाचतो.

ही कबुली बिनकिमतीची कशी ठरली, त्याचा इतिहास मोठा आहे.

१८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात मद्रास इलाख्यातल्या छळाबद्दल प्रश्न निघाला. सारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हे कबूल करून घेण्यासाठी कंपनीचे नोकर रयतेचा छळ करतात, असा आरोप होता. चौकशीला तीन जणांचं कमिशन नेमलं गेलं: इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन. लोक समक्ष आले, लोकांनी पत्रं पाठवली. तक्रारींची संख्या भरली १,९५९. एप्रिल १८५५ मध्ये अहवाल आला. त्यात छळाचे प्रकार नोंदवले आहेत: उन्हात उभं करणं, मान आणि पाय दोरीनं एकत्र बांधून वाकवून ठेवणं, बोटं लाकडी चापात दाबणं, डोळ्यांत मिरची घालणं. आरोप खरा आहे, असं कमिशननं मान्य केलं. मात्र दोष मुख्यतः खालच्या देशी नोकरांवर टाकला आणि वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना जवळजवळ मोकळं सोडलं. दोन वर्षांनी कार्ल मार्क्सनं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात या अहवालावर लिहिलं, तेव्हा नेमकं यावरच बोट ठेवलं.

‘खालच्यानं केलं, वरच्याला माहीत नव्हतं’ हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे मुक्कामाला आहे. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यातून कायद्यानं दोन गोष्टी केल्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३३० आलं. कबुली काढण्यासाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. कायद्यात कलमं समजावायला उदाहरणं देतात ना, तसं इथं पहिलंच उदाहरण आहे पोलीस अधिकाऱ्याचं: ‘अ’ हा पोलीस अधिकारी, तो ‘य’चा छळ करतो, ‘अ’ गुन्हेगार आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते उघड आहे. नवी न्याय संहिता आली तरी हे कलम गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाला जास्त विलक्षण वाटते. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही, असा नियम आधी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून आला. विचार करा. राज्य स्वतः पोलीस नेमतं, त्याला गणवेश देतं, पगार देतं आणि मग आपल्याच न्यायाधीशाला सांगतं, कबुलीच्या बाबतीत याच्यावर विश्वास ठेवू नकोस. राज्यसंस्थेनं आपल्याच हातावर दाखवलेला असा अविश्वास क्वचितच सापडेल. पुरावा कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफननं पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवलं. त्याचा आशय असा, की उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं पडतं. इथं क्रौर्यापेक्षा आळस मोठा दिसतो, हे ध्यानात घ्या.

मग भिंत बांधली तरी मारहाण का थांबली नाही? कारण भिंतीला दार ठेवलं होतं. कलम २७ म्हणतं, आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. म्हणजे कबुली नको, पण पुरलेला सुरा काढून दिला तर चालेल. मारण्याचा फायदा शिल्लक राहिला. पुढे आपल्याच राज्यानं आणखी एक दार उघडलं. १९९९ च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली ग्राह्य धरली गेली. संघटित गुन्हेगारीचं संकट खरं होतं, हे आम्ही नाकारत नाही. पण १८५५ चा तर्क इथं पुन्हा आला: खालचा मारेल, वरचा मारणार नाही.

आता उत्तरदायित्वाकडे येऊ. इथं आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती आम्ही आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाला सायकलचोरीच्या संशयावरून उचललं. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याला आणायला गेलो. त्याला नीट चालता येत नव्हतं. चोर दुसराच निघाला होता. बाहेर पडण्याआधी ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, “कर बाबा सही, परीक्षा जवळ आलीय.” त्यानं केली. त्या टर्मला आम्ही वर्गात कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे फळ्यावर लिहीत होतो आणि तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसून उतरवून घेत होता.

त्या कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही आहे. म्हणून आज आम्ही साक्षीदाराबद्दल बोलतो आहोत.

कलम ३३० असूनही शिक्षा विरळा का, याचं उत्तर तिथंच आहे. कोठडीत साक्षीदार कोण असतो? पोलीस. १९८५ साली राम सागर यादव खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हेच सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या ब्रिजलाल नावाच्या माणसानं लाचेची तक्रार केली होती, पुढे तो पोलिसांच्या मारहाणीनं मेला. पण रिमांडसाठी न्यायालयात आणलं असताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याचा जबाब लिहून घेतला होता, म्हणून शिक्षा झाली. एक बाहेरचा माणूस, एक कागद. न्यायालयानं सुचवलं की अशा खटल्यांत पुराव्याच्या भाराचा कायदा बदला. त्याच वर्षी विधी आयोगानं ११३ व्या अहवालात शिफारस केली: कोठडीत इजा झाली असेल, तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. २०१७ च्या २७३ व्या अहवालात तेच पुन्हा सांगितलं. २०२३ चा नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद नाही.

काहीच झालं नाही, असं मात्र म्हणू नका. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानं कोठडीतल्या मृत्यूची भरपाई राज्यावर टाकली, दीड लाख रुपये. १९९६ च्या डी. के. बसू निकालानं नियम घालून दिले: अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा साक्षीदारासह मेमो, नातलगांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. २००६ च्या प्रकाशसिंग निकालानं तक्रार प्राधिकरणं सांगितली, महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात ती तरतूद केली. २०२० मध्ये ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश झाला. पण भरपाई जाते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून. आणि अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर बचाव आधी उभा राहतो: हे कर्तव्य बजावताना घडलं, सरकारची मंजुरी आणा. मारणं हे कर्तव्य कसं, या वादातच वर्षं जातात.

कुणी म्हणेल, सर, पोलिसांवरचा ताण बघा, गुन्हे कसे उघडकीस आणायचे? प्रश्न रास्त आहे. अपुरी माणसं, लांबलेल्या पाळ्या, ‘चोवीस तासांत आरोपी पकडा’ असा वरून दबाव. पण हा दबाव आणतो कोण? ‘खाक्या दाखवा साल्याला’ असं म्हणणारे आपणच. मार खाल्लेला माणूस मार थांबावा म्हणून बोलतो, खरं आहे म्हणून नव्हे. चुकीच्या माणसानं कबुली दिली की खरा चोर निवांत झोपतो. आमच्या त्या विद्यार्थ्यानंही त्या रात्री गुन्हा कबूल केला होता, हे त्यानं आम्हाला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ते वाक्य वाचाल तेव्हा चहा खाली ठेवा. आणि कधी कुणाला आणायला ठाण्यात जावं लागलं, तर आधी डॉक्टरकडे न्या, जखमा लिहून घ्या, अटकेच्या मेमोची प्रत मागा, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे बोलायला धीर द्या. समोर कोरा नकार ठेवला, तर सही करण्याआधी त्या मुलाकडे एकदा नीट पाहा. आम्ही पाहिलं नव्हतं.

पुढच्या वेळी आपण ‘शिक्षा कशासाठी’ हा विषय घेऊ.