स्वल्पविरामावर फाशी

एका अक्षरानं माणूस मरू शकतो, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि तेव्हापासून आनंदीबाईंचा 'ध'चा 'मा' आपल्या बोलण्यात मुक्कामाला आहे. ती आख्यायिका खरी की खोटी, हा वाद इतिहाससंशोधकांनी घालावा. आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या प्राण्याच्या मते तो निव्वळ खाडाखोडीचा मामला आहे. खाडाखोड केलेला चेक आम्ही डोळे मिटून परत करतो. पण एखाद्या चेकवर खाडाखोड नाही, सही जुळते, अक्षरही सुवाच्य आहे आणि तरी त्याचे दोन अर्थ होतात, तर कारकुनानं काय करावं?

लंडनच्या कोर्टापुढे १९१६ साली असाच एक चेक आला. तो वटला, आणि एक माणूस फासावर गेला.

माणूस साधा नव्हता. सर रॉजर केसमेंट हे आयरिश गृहस्थ ब्रिटिश सरकारचे वकील, म्हणजे कोर्टातले नव्हेत, परदेशातले कॉन्सल. काँगोतल्या रबराच्या धंद्यात माणसांचे कसे हाल चालले आहेत, याचा त्यांचा अहवाल १९०४ साली जगभर गाजला. पुढे पेरूतल्या अत्याचारांवरही त्यांनी लिहिलं आणि १९११ मध्ये 'सर' झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र हे सरसाहेब थेट जर्मनीत पोचले आणि तिथल्या छावणीतल्या आयरिश युद्धकैद्यांना इंग्रजांविरुद्ध उठवू लागले. पन्नासेक जण तयार झाले. २१ एप्रिल १९१६ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, ते जर्मन पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि काही तासांतच पकडले गेले.

खटला राजद्रोहाचा. कायदा १३५१ सालचा, तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीतला, आणि भाषा नॉर्मन फ्रेंच! त्यातलं कलम शब्दांचा क्रम न हलवता मराठीत आणलं, तर काहीसं असं होतं: जो कोणी राजाच्या शत्रूंना सामील होईल राज्यात त्यांना मदत देऊन राज्यात किंवा अन्यत्र.

आता हे 'किंवा अन्यत्र' कोणाच्या गळ्यात बांधायचं? बचावाचे वकील सलिव्हन म्हणाले, ते फक्त मदतीला लागू आहे. मदत कुठेही पोचो, सामील होणारा माणूस राज्यातच असला पाहिजे. आमचा अशील तर जर्मनीत होता! सरकारपक्ष म्हणाला, छे, मधला मदतीचा तुकडा दोन स्वल्पविरामांच्या कुंपणात टाका, म्हणजे 'अन्यत्र' उडी मारून 'सामील होईल'ला जाऊन चिकटतं. एक शब्द, दोन जागा, आणि मधोमध माणूस.

आम्हाला याचं फारसं नवल वाटत नाही. 'वृद्ध पुरुष व स्त्रियांसाठी' अशी पाटी आम्ही एका काउंटरवर पाहिली आहे. 'वृद्ध' हे विशेषण पुरुषांपाशीच थांबतं की पुढे स्त्रियांपर्यंत जातं, यावरून एक तिशीतल्या बाई आणि एक निवृत्त मास्तर यांच्यात जुंपली होती. मास्तरांचं व्याकरण पक्कं होतं, पण बाईंचा नंबर आधी लागला. (तिशीतल्या बाईंना 'तुम्ही वृद्ध रांगेत उभ्या राहा' असं सांगायची कॅशियरची छाती झाली नाही, हे खरं कारण.)

स्वल्पविराम घातला की भागतं, असं कुणी म्हणेल. पण जुन्या लेखकूंना त्याची फिकीर कुठे होती? आपल्या मोडीत तर विरामचिन्हं नाहीतच, शब्दाशब्दांत मोकळी जागाही नाही. मराठी माणसाला विरामचिन्हांची शिस्त लावण्याची खटपट मेजर कँडी नावाच्या इंग्रजानं केली, तीही एकोणिसाव्या शतकात. १३५१ सालच्या त्या कातड्यावर काही खुणा होत्या. अपिलातले न्यायाधीश त्या पाहायला स्वतः दप्तरखान्यात गेले. आम्ही सहीचा नमुना ताडून पाहतो ना, तस्सं! खुणा सरकारपक्षाच्या सोयीच्या निघाल्या.

पण 'केसमेंटला स्वल्पविरामानं फाशी दिलं' हे पुढे जे म्हणू लागले, ते आमच्या मते त्या बिचाऱ्या चिन्हावर जरा जास्तच खापर फोडणं झालं. कोर्टाचा खरा भरवसा होता सतराव्या शतकातल्या सर एडवर्ड कोक वगैरे जुन्या कायदेपंडितांवर. त्यांनी कलमाचा अर्थ तसाच लावला होता, म्हणून यांनीही लावला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर, मागच्या ऑडिटला चाललं होतं.

दयेचा अर्ज झाला. त्यासाठी धडपडणाऱ्यांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते. पण केसमेंटच्या खाजगी रोजनिशीतली पानं सरकारी मंडळींनी गुपचूप योग्य त्या लोकांना दाखवली. त्यांतून पुरुषांशी असलेले त्यांचे संबंध उघड होत होते, आणि त्या काळात तेवढ्यानं सहानुभूती आटायला पुरे होतं. व्याकरणाच्या वादात हरलेल्या माणसाची शेवटची वाट अशी बंद झाली. ३ ऑगस्ट १९१६ ला पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी दिलं आणि तिथल्याच आवारात पुरलं.

त्यांची इच्छा उत्तर आयर्लंडमधल्या मरलॉ उपसागराकाठी विसावण्याची होती. १९६५ साली ब्रिटिश सरकारनं अस्थी परत दिल्या, त्या मात्र उत्तरेत न्यायच्या नाहीत या अटीवर, म्हणून त्या डब्लिनला पुरल्या. म्हणजे त्यांना हवी होती ती जागा राज्यात, आणि मिळाली ती अन्यत्र.